चारशे पंधराचे दोनशे

मित्रांनो, ट्रान्सफॉर्मर म्हटले की तुम्हाला खांबावर चढवलेले, तेलाने भरलेले ते राखाडी पिंप आठवेल. ते माझे थोरले भाऊबंद. मी जमिनीवर राहणारा आहे. कमरेएवढी उंची, सव्वादोनशे किलो वजन आणि अंगात तेलाचा एक थेंब नाही. माझ्या जाळीदार पत्र्याच्या पेटीत तांब्याच्या तीन जाड गुंडाळ्या शेजारी शेजारी उभ्या आहेत. कोणी मला डबा म्हणते, कोणी लहान डीपी म्हणते. म्हणू देत. माझे काम एकदा ऐकलेत, तर तुम्ही मला डबा म्हणणार नाही.

आपल्याकडे कारखान्याला तीन तारांतून वीज मिळते. त्यांतल्या कोणत्याही दोन तारांमध्ये साधारण चारशे पंधरा व्होल्टचा दाब असतो. जपानमधल्या यंत्रांना मात्र दोनशेची सवय. तिकडून आलेले यंत्र इथल्या तारांना सरळ जोडले, तर दुप्पट दाबाने त्याच्या मोटारीतून पाहता पाहता धूर निघतो. म्हणून दोघांच्या मध्ये कोणी तरी उभे राहून चारशे पंधराचे दोनशे करून द्यावे लागतात. तो मी.

माझा जन्म नागपूरजवळ, हिंगण्याच्या एका लहानशा कारखान्यात झाला. सिंदेवाहीचे राइस मिलवाले गुणवंतराव यांनी तांदळाला पॉलिश करणारे एक जुने जपानी यंत्र आणले होते. यंत्र उतरल्या दिवशीच चालू करून पाहावे, असे त्यांच्या मनात फार होते. पण त्यांनी आधी यंत्राच्या पाठीवरची धातूची पाटी कागदावर उतरवून घेतली आणि तो कागद खिशात घालून ते हिंगण्याला आले. त्या कागदावरून मला घडवले गेले.

माझ्या गुंडाळ्या तिथे कामाला असलेल्या सत्यशीलाताईंनी गुंडाळल्या. कागदाचे वेष्टण असलेली तांब्याची पट्टी त्या साच्यावर एकेक वेढा घट्ट ओढून बसवत. दर वेढ्याला दोन व्होल्ट, असे माझे साधे गणित होते. तिन्ही गुंडाळ्या दुहेरी होत्या: वीज घेणारी बाहेर, देणारी आत. आतल्या गुंडाळीला शंभर वेढे, म्हणजे दोनशे व्होल्ट. बाहेरच्या गुंडाळीला दोनशे वीस वेढे. पण ती गुंडाळताना त्या तीनदा थांबल्या. एकशे नव्वदाव्या वेढ्याला एक टोक बाहेर काढले, दोनशेव्याला दुसरे, दोनशे आठव्याला तिसरे. चौथे टोक शेवटचे. म्हणजे बाहेरून येणारी वीज तीनशे ऐंशी असो, चारशे असो, चारशे पंधरा असो की चारशे चाळीस, तार योग्य टोकाला जोडली की माझ्यातून दोनशेच निघणार.

मोजताना सत्यशीलाताईंचे ओठ हलत. कोणी बोलायला आले तर त्या एक बोट वर करत, की समोरचा गप्प. शेजारच्या टेबलावरच्या बाईने एकदा हसत विचारले, “ताई, एखादा वेढा कमी पडला तर कोणाले कळते?”

“मशीनले कळते,” सत्यशीलाताई म्हणाल्या आणि पुढचा वेढा घातला.

सिंदेवाहीला मी नऊ वर्षे काम केले, आणि काय ती वर्षे होती. धानाचा हंगाम आला की मिलच्या दारात बैलगाड्या आणि ट्रॅक्टर यांची रांग लागायची. सकाळी खटका दाबला की मी गुणगुणायला लागायचो आणि पलीकडे जपानी यंत्र पांढऱ्याशुभ्र तांदळाची धार सोडायचे. गुणवंतराव पाहुण्यांना यंत्राआधी माझ्याकडे आणत. “हा पाहा,” ते म्हणत, “जपानची वीज आमी इथी बनवतो.” मला एवढा अभिमान वाटायचा की मी आणखी गरम व्हायचो.

मग यंत्राचा एक भाग मोडला. तो कुठे मिळेना. गुणवंतरावांनी आपल्याकडेच बनलेले नवे यंत्र घेतले. त्याला चारशे पंधरा सरळ चालत होते. जपानी यंत्र गेले आणि मला मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सारले. एका पोळ्याला मिलला रंग दिला, तेव्हा उरलेला हिरवा रंग माझ्यावर फासला गेला. माझी पाटीसुद्धा रंगाखाली गेली. माझ्या डोक्यावर रिकामी पोती चढली. पोटात उंदरांनी घर केले. सहा पावसाळ्यांची ओल माझ्या गुंडाळ्यांत मुरली. मी कोण, कशासाठी, हे हळूहळू सगळे विसरले.

माघातल्या एका गुरुवारी भंगारवाला पोचू आपली तीनचाकी घेऊन आला. गुणवंतरावांनी शेड रिकामी करायला काढली होती. पोचूने माझ्या पेटीवर बोटाने टकटक केले, आत डोकावून तांबे पाहिले आणि मला दोर बांधला. माझे तुकडे कुठे करायचे, हे तो मनात ठरवत असावा. त्याचा घण तीनचाकीत दिसत होता.

तेवढ्यात दारात एक पिकअप येऊन थांबली. आतून दोघी जणी उतरल्या. पुढची तरुण होती. खांद्यावर हत्यारांची पिशवी, पायात रबरी तळाचे बूट. ती चामोर्शीची वायरमन रीना. मागची पन्नाशीची, सावकाश पण ठाम चालणारी. ती सोमारीबाई, चामोर्शीच्या पुढे जंगलात असलेल्या कोसमटोला गावच्या बायांच्या गटाची अध्यक्ष.

“गुणवंतराव भाऊ तुमीच काय?” रीनाने विचारले. “तुमच्या मिलमध्ये जपानचं मशीन होतं म्हणतात. त्याचा ट्रान्सफॉर्मर आहे का गेला?”

गुणवंतराव अवघडले. “होता, बाई. आताच पोचूले देऊन टाकला. तो पाहा, बांधून राह्यला.”

“दिलेली वस्तू आहे,” पोचू दोर न सोडता म्हणाला. “आज फोडतो न उद्या तांबं पाठवतो.”

रीना माझ्याजवळ येऊन बसली. “यायच्या गावात बांबू फाडायचं मशीन आलं, भाऊ. जपानचंच. आणून देणारा माणूस म्हणे, तीन फेजचं मशीन आहे, तुमच्याकडं तीन फेज आहे, लावा सरळ. मी त्याची पाटी वाचली न त्याचा हात स्विचवरून काढला. दोनशेचं मशीन आहे ते. नवा ट्रान्सफॉर्मर बनवाले तीन हप्ते लागतात म्हणते.”

“मंग थांबा तीन हप्ते,” पोचू म्हणाला. “काऊन एवढी घाई?”

सोमारीबाई पुढे आली.

“सोमवारी मिरचीची गाडी येते, भाऊ. तेलंगणात तोड्याले. आमच्या गावच्या बावीस बाया जातात. लेकरं संगं नेतात, अडीच महिने शाळा सुटते त्यायची. औंदा सभेत ठरलं, इतवारपर्यंत मशीन चाललं तर कोणी जाणार नाई, गावातच बांबूचं काम करू. नाई चाललं तर सगळ्या गाडीत बसू. मी बी बसन.”

पोचूने स्वतःच्या तळहाताकडे पाहिले.

“मी सिरोंच्याकडचा,” तो म्हणाला. “लहान होतो तवा मायसंगं जात होतो तोड्याले. हाताची आग तीन तीन दिवस जात नाई. चुकून डोळ्याले हात लागला का रात्रभर झोप नाई.” त्याने दोराची एक गाठ सोडली, पण दुसरी तशीच ठेवली. “पण हा तुमच्या कामाचाच नसन तर? उगाच नेऊन काय करसान?”

“मले दहा मिनिटं द्या,” रीना म्हणाली.

मित्रांनो, ती दहा मिनिटे मी कधी विसरणार नाही. रीनाने घासलेटमध्ये फडके बुडवून माझ्या पाटीवरचा हिरवा रंग पुसायला सुरुवात केली. रंग निघाला, पण खाली गंज होता. बाहेरून येणाऱ्या विजेचे आकडे माझ्या टोकांपाशी कोरलेले होते, ते वाचता आले. निघणाऱ्या विजेचा आकडा मात्र फक्त पाटीवर होता. त्यातला पहिला दोन दिसला. शेवटचे शून्य दिसले. मधला आकडा गंजाने खाल्लेला.

“दोनशे असन,” गुणवंतराव म्हणाले. “का दोनशे चाळीस? मले आता आठवत नाई, बाई.”

“दोनशे चाळीस असन तर मशीनचं नाजूक सर्किट जाते,” रीना म्हणाली. “आठवणीवर नाई जोडता येत. यालेच विचारतो.”

तिने पिशवीतून मुठीएवढा एक ट्रान्सफॉर्मर काढला. माझ्या जातीचे ते लेकरू पाहून मला भरून आले. तो फक्त चोवीस व्होल्ट देतो. तेवढ्याने मला किंवा कोणाला इजा होत नाही. त्याच्या तारा तिने माझ्या चारशे पंधराच्या टोकांना लावल्या आणि दुसऱ्या बाजूला मीटर धरला. सहा वर्षांनी माझ्या तांब्यातून वीज फिरली. अगदी थोडी, पण फिरली. सत्यशीलाताईंचे वेढे आठवून मी जेवढे द्यायचे तेवढे दिले.

“चोवीस दिले, साडेअकरा आले,” रीना म्हणाली. तिने खडूने भिंतीवर गणित मांडले. सोमारीबाई, गुणवंतराव आणि पोचू तिच्या हाताकडे पाहत राहिले. “म्हणजे चारशे पंधरा दिले तर एकशे नव्व्याण्णव. दोनशेचाच आहे हा.”

पोचूने दुसरी गाठ सोडली. “मले ते कोपऱ्यातलं मोडकं चाळणं द्या, भाऊ,” तो गुणवंतरावांना म्हणाला. “हा त्यायले जाऊ द्या.” मग मला पिकअपमध्ये चढवायला पहिला हात त्यानेच लावला.

पण आनंदाची घाई करून चालणार नव्हते. रीनाने ओल तपासायचे यंत्र लावले. गुंडाळ्या कोरड्या असल्या की त्याची सुई वर चढते; माझ्यावर ती जागची हललीच नाही. “ओलीनं भरला हा,” ती सोमारीबाईला म्हणाली. “असाच जोडला तर पहिल्या झटक्यात जळन. वाळवावं लागन.”

“धान वाळवतो, मोहफूल वाळवतो,” सोमारीबाई म्हणाली. “हा बी वाळवू.”

वाटेतले मूल गाव सोडले, वैनगंगेचा पूल ओलांडला, चामोर्शी मागे पडली आणि सागाचे जंगल सुरू झाले. कोसमटोल्यात शुक्रवारी सकाळी माझ्या पेटीचे चारी बाजूंचे पत्रे काढून मला अंगणात उन्हात ठेवले. बायांनी उंदरांचे घर काढून टाकले, कुंचल्याने धूळ झाडली. ऊन उतरले की मला बांबूच्या यंत्राच्या शेडमध्ये घेऊन माझ्या आजूबाजूला शंभर शंभर वॅटचे चार बल्ब पेटवून ठेवायचे आणि वरून ताडपत्री. गावचे वडीलधारे वारलूदादा काठी टेकत आले आणि ताडपत्रीखाली वाकून म्हणाले, “डब्ब्याले थंडीताप आला काय?” सगळ्या बाया हसल्या. मला खरेच ताप आल्यासारखे वाटत होते, पण हा ताप बरा करणारा होता. शनिवारी दुपारी सुई अर्ध्यावर आली. संध्याकाळी ती शेवटापर्यंत गेली. रीनाने यंत्र मिटले आणि पहिल्यांदाच पाय पसरून बसली.

रविवार उजाडला. शेडसमोर सगळे गाव जमले होते. बावीस जणी पुढे उभ्या होत्या. काहींच्या घरी गाठोडी बांधून तयार होती, हे सगळ्यांना माहीत होते. वारलूदादांनी गावदेवाचे नाव घेऊन मोहाच्या दारूचे चार थेंब जमिनीवर सोडले. रीनाने माझी आणि यंत्राची मातीत पुरलेली अर्थिंग पुन्हा एकदा तपासली. भिंतीवर दोन मीटर लावले होते. एकावर येणारी वीज दिसणार होती, दुसऱ्यावर माझ्यातून निघणारी.

नऊ वाजता तिने खटका दाबला. मी एकदा जोरात हुंकार दिला आणि मग माझे गुणगुणणे लागले. येणारी चारशे दहा. निघणारी एकशे सत्त्याण्णव. रीनाने मान हलवली आणि यंत्र रिकामेच सुरू केले. ते फिरले, पण रोलर उलटे फिरायला लागले. यंत्रावरचा बाण एकीकडे आणि रोलर दुसरीकडे. बांबू घातला असता तर आत जाण्याऐवजी अंगावर आला असता.

“काई नाई,” रीना म्हणाली. “तीन तारांतल्या दोन आपसात बदलल्या का सुलट फिरते.” तिने खटका पाडला, दोन तारा बदलल्या. आता रोलर बाणाच्या दिशेने फिरले.

एव्हाना दहा वाजले होते. सोमारीबाईने पहिला बांबू यंत्राच्या तोंडाशी धरला. रोलरने तो पकडला, हातभर आत ओढला आणि यंत्र कण्हू लागले. त्याचा आवाज जड झाला, मग लाल दिवा लागला आणि सगळे थांबले. बांबू अर्धा आत, अर्धा बाहेर.

मागून एक बाई हळूच म्हणाली, “गाडीच्या मुकादमाले फोन करून सांगू काय, का आमी येतो म्हणून?”

“थांब जरा,” सोमारीबाई म्हणाली, पण तिचाही आवाज बारीक झाला होता.

रीना मीटरपाशी गेली. येणारी वीज तीनशे बहात्तरवर आली होती. दहा वाजता शेतांतले सगळे पंप सुरू झाले होते आणि लाइनचा दाब खाली बसला होता. म्हणून माझ्यातूनही एकशे एकोणऐंशीच निघत होते. दोष माझा नव्हता, तरी मला फार लाज वाटली. दोनशे मागणाऱ्या यंत्राला मी उपाशी ठेवले होते.

रीनाने मुख्य खटका पाडला, टेस्टरने तारांत वीज उरली नाही याची खात्री केली आणि पाना घेऊन माझ्यासमोर बसली. तिन्ही गुंडाळ्यांच्या तारा तिने चारशे पंधराच्या टोकावरून काढून तीनशे ऐंशीच्या टोकावर आवळल्या. सोमारीबाई तिच्या शेजारी बसून प्रत्येक नट पाहत होती.

“आता?” सोमारीबाईने विचारले.

“आता पाहा.”

खटका वर गेला. येणारी तीनशे बहात्तर, निघणारी एकशे शहाण्णव. यंत्राचा लाल दिवा विझला. रोलर फिरले, अडकलेला बांबू पुढे सरकला आणि एकच करकरीत आवाज झाला. पलीकडच्या बाजूने आठ सारख्या पट्ट्या बाहेर आल्या, पिवळ्याधमक, ओल्या वासाच्या. सोमारीबाईने एक पट्टी उचलली, दोन्ही हातांनी वाकवली आणि शेजारणीकडे दिली. ती पट्टी बावीस हातांतून फिरली. ती परत येईपर्यंत दुसरा बांबू आत गेला होता. माझ्या अंगात वीज तर होतीच, पण त्या दिवशी तिच्याशिवायही काही तरी माझ्यातून वाहत होते, एवढे नक्की.

सोमवारी मिरचीची गाडी आली. वीस जणी राहिल्या. दोघी गेल्या. त्यांच्या बहिणी तिकडेच होत्या आणि यंत्रावर त्यांचा भरवसा अजून बसला नव्हता. कोणी त्यांना बोल लावला नाही. गाडी गेली आणि शाळेच्या घंटेला मुले शाळेत गेली.

रीनाने जाताना निघणाऱ्या विजेच्या मीटरवर दोन तांबड्या रेघा ओढल्या. एक एकशे नव्वदला, दुसरी दोनशे दहाला. “बाई, सुई या दोन रेघांच्या मधातच पाहिजे,” ती म्हणाली. “बाहेर गेली का मशीन बंद. मंग तार बदलायची. मुख्य खटका पाडल्याशिवाय अन् टेस्टर लावल्याशिवाय हात लावायचा नाई.” सोमारीबाईने ते रीनाकडून तीनदा करवून घेतले आणि चौथ्यांदा स्वतः केले.

चैत्रात एक दिवस त्या शिकवणीची गरज पडली. दारात ट्रक उभा होता. पट्ट्यांचे शेवटचे गठ्ठे बाकी होते, बायांचे हात भराभर चालले होते. शेतांतले पंप त्या दिवशी बंद होते, आणि येणारी वीज चढत चढत चारशे पंचवीसला गेली. काम रोज पंप सुरू झाल्यावरच चाले, म्हणून मी अजून तीनशे ऐंशीच्या टोकावरच होतो. माझ्यातून दोनशे चोवीस निघू लागले. सुई वरच्या रेघेच्या पुढे गेली. यंत्राच्या मोटारीला घाम फुटला असावा, मला तर फुटलाच होता. मला ओरडता येत नाही, मित्रांनो. मी फक्त थोडा मोठ्याने गुणगुणू शकतो.

सोमारीबाईने मीटरकडे पाहिले आणि यंत्र बंद केले.

“बाई, दोनच गठ्ठे राह्यले,” ट्रकवाला म्हणाला. “होऊन जाऊ द्या.”

“मशीन जळलं तर तू जपानले जाशीन काय आणाले?” सोमारीबाई म्हणाली. रीनाला फोन लागत नव्हता. त्या जंगलात तो नेहमीच लागतो असे नाही. सोमारीबाईने मुख्य खटका पाडला, टेस्टर लावला आणि पाना घेऊन बसली. तिचे ओठ हलत होते. तिन्ही गुंडाळ्यांच्या तारा तिने चारशे पंधराच्या टोकावर नेल्या, प्रत्येक नट दोनदा आवळला. खटका वर केला, तेव्हा सुई दोन रेघांच्या मध्ये, दोनशे चारवर उभी होती. शाळेत एक दिवसही न गेलेल्या त्या बाईने त्या दिवशी दोन देशांच्या विजेचा मेळ घातला.

मित्रांनो, माझे तुमच्याकडे एवढेच मागणे आहे. कोणतेही यंत्र तुमच्या हाती आले, की आधी त्याच्या पाठीवरची पाटी वाचा. ते काय खाते, किती खाते, हे तिथे लिहिलेले असते. त्या पाटीवर रंग फासू नका. माझ्यासारख्याच्या डोक्यावर पोती ठेवू नका, आमच्या जाळ्या मोकळ्या ठेवा, म्हणजे आम्हाला श्वास घेता येईल. पडून असलेल्या वस्तूला फोडण्याआधी कोणी तरी दहा मिनिटे थांबून विचारावे, की बाबा, तुला अजून काय येते? आम्ही खरे तेच सांगतो.

आता शेतांतले पंप सुरू झाले आहेत. मीटरची सुई खालच्या रेघेकडे सरकते आहे. सोमारीबाईने ती पाहिली, हातातली पट्टी खाली ठेवली आणि ती खटक्याकडे निघाली आहे. आता मला थोडा वेळ गप्प बसायला हवे.